घर मागणाऱ्याचे उत्तर

बिऱ्हाड हा आपल्या भाषेतला जुना शब्द आहे. कोंकणी आणि कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे त्याचाच सोयरा 'बिडार' आहे. घर आणि बिऱ्हाड यांतील भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घर वाडवडिलांचे असते. त्यात देव्हाऱ्याची आणि तुळशीवृंदावनाची जागा आपल्या जन्माआधीच ठरलेली असते. बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या संमतीने मांडलेला आपला संसार. गोव्याहून मुंबईस गेलेला कारकून, कोकणातून इंदूर-ग्वाल्हेरकडे चाकरीस गेलेला लेखनिक, बेळगावाहून हैदराबादेस गेलेला शिक्षक, या सर्वांनी प्रथम बिऱ्हाडेच केली. मात्र त्या बिऱ्हाडाच्या दाराशी त्यांच्याआधी कोणीतरी ओळखीचा जाऊन उभा राही. 'हे आमच्या गावचे' एवढे त्याचे एक वाक्य करारपत्राचे आणि अनामत रकमेचे काम करून टाकी.

आज आपली मुले-मुली परदेशी जाऊन आयुष्यात पहिल्यांदा भाड्याचे घर शोधू लागतात, तेव्हा ते वाक्य उच्चारणारे तेथे कोणी नसते. मालकाने दिलेली महिन्याभराची खोली संपत येते, आणि आपण कोण, हे अपरिचित माणसाला पटवून देण्याची वेळ येते. या शोधातील पैशाच्या व दगदगीच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. पण त्यात दडलेला एक नैतिक प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. घर देणाऱ्याला घर मागणाऱ्याविषयी काय काय विचारण्याचा अधिकार आहे? आणि जे विचारण्याचा अधिकार नाही ते त्याने विचारलेच, तर खरे सांगण्याचे बंधन मागणाऱ्यावर उरते काय?

विचाराच्या सोयीसाठी मी जर्मनीचे उदाहरण घेतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत, आणि आपल्याकडील अभियंते, परिचारिका व विद्यार्थी त्या देशात पुष्कळ जातात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. त्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. भाडेकरू असणे ही तेथे गरिबीची खूण नाही. प्राध्यापक, वकील, न्यायाधीशही जन्मभर भाड्याने राहतात. साहजिकच भाडेकरू आणि मालक यांच्या नात्याचा तेथील कायद्याने जितका बारकाईने विचार केला आहे तितका फार थोड्या देशांत झाला असेल.

नव्याने गेलेल्या माणसाला त्या विचाराची पहिली ओळख मात्र जाचाच्या रूपाने होते. भाड्याचेच दोन प्रकार ऐकू येतात, 'थंड' आणि 'उबदार'. थंड भाडे नुसत्या जागेचे. त्यात घर तापविण्याचा, पाण्याचा, केरकचऱ्याचा खर्च मिळविला की ते उबदार होते. अनामत रक्कम म्हणून मालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचे थंड भाडे मागू शकतो. ती रक्कम भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येते, आणि मालकाला ती आपल्या पैशांत न मिसळता वेगळी ठेवावी लागते. घर ताब्यात मिळते ते पुष्कळदा अगदी रिकामे. ओटा नाही, चूल नाही, कित्येकदा छताला दिवाही नाही. केवळ तारा लोंबत असतात. आपल्याकडे नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी दूध उतू घालण्याची चाल आहे. तेथे दूध तापवायला आधी चूल विकत आणावी लागते. घर हाती देताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, फरशीवरचा प्रत्येक डाग एका पत्रकावर लिहून दोघांच्या सह्या होतात. आपल्या माणसाला हे प्रथम अविश्वासाचे लक्षण वाटते. मला ते तसे वाटत नाही. दोन अनोळखी माणसांनी पुढील भांडण आजच मिटवून ठेवावे, यात सौजन्यच आहे.

खरी अडचण त्याच्या आधीची आहे. घरात राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कचेरीत आपला पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. ही नोंद झाली की कराचा क्रमांक घरी येतो, आणि पुढचे बहुतेक व्यवहार तिच्या आधारे सुरळीत होतात. घर मिळवायचे तर घरमालक पतसंस्थेचा दाखला मागतो. 'शूफा' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९२७ मध्ये बर्लिनला स्थापन झाली, आणि कोण देणी वेळेवर फेडतो याची नोंद ती ठेवते. कालच विमानातून उतरलेल्या माणसाची तेथे नोंद कोठून असणार? तो कोणाचे काही बुडविणारा नसतो. पण तो नाहीच. कुळ, गाव आणि आडनाव यांच्या आधारावर जो येथे 'कोणीतरी' होता, तो तेथे क्षणभर 'कोणीही नाही' होतो. ही अवस्था फार थोडे दिवस टिकते, परंतु तिच्यातून गेलेला माणूस ती विसरत नाही.

याच दिवसांत त्याच्या हाती घरमालकाचे माहितीपत्रक येते. उत्पन्न किती, नोकरी कोठे, राहणारी माणसे किती, पूर्वी दिवाळे निघाले आहे काय, हे प्रश्न रास्त आहेत आणि कायदाही ते मान्य करतो. पण काही मालक तेवढ्यावर थांबत नाहीत. धर्म कोणता? राजकीय पक्ष कोणता? मूल होण्याचा विचार आहे काय? पत्नी गरोदर आहे काय? जर्मन कायद्याच्या परंपरेत असे प्रश्न अनुचित ठरले आहेत. आणि येथेच ती परंपरा एक आश्चर्यकारक पाऊल उचलते. अनुचित प्रश्नाला भाडेकरूने खोटे उत्तर दिले, तर तेवढ्यावरून मालकाला करार मोडता येत नाही. उत्पन्नाबद्दल खोटे सांगितले तर घर जाऊ शकते. धर्माबद्दल किंवा गरोदरपणाबद्दल खोटे सांगितले तर जात नाही. त्या भाषेत या गोष्टीला सरळ 'खोटे बोलण्याचा हक्क' असेच म्हणतात.

ज्या भाषेत इमॅन्युएल कांटने लिहिले त्याच भाषेत हा हक्क मानला जावा, यात मोठी गंमत आहे. १७९७ साली कांटने या विषयावर एक छोटा पण प्रसिद्ध निबंध लिहिला. खुनी माणूस दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात आहे काय' असे विचारू लागला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा अधिकार कोणाला नाही, असे त्याचे म्हणणे. हा निबंध बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला दिलेले उत्तर होता. कॉन्स्टंटचे म्हणणे असे होते की सत्य सांगणे हे कर्तव्य खरेच, परंतु ज्याला त्या सत्यावर अधिकार आहे त्याच्याच बाबतीत. आज जर्मनीतील न्यायालये भाडेकरूच्या बाबतीत आपल्या तत्त्ववेत्त्याला बाजूस सारून त्या फ्रेंच लेखकाच्या शेजारी जाऊन बसली आहेत. जाता जाता एक सांगण्याजोगे आहे. कांट स्वतः जवळजवळ साठीपर्यंत बिऱ्हाडकरूच होता. त्याने घर विकत घेतले ते १७८३ मध्ये. त्यापूर्वीची एक जागा त्याने सोडली ती शेजारच्या कोंबड्याच्या आरवण्याला कंटाळून. अनुचित प्रश्नांचा जाच त्याला झाला असता तर निबंधात काही फरक पडला असता काय, हे सांगता येणार नाही.

आपल्याकडे हा वाद कांटच्या किती तरी आधी होऊन गेला आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो. नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या या तपस्व्याने नेहमी खरेच बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे पळत येऊन जवळच्या रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले, आणि माणसे कोठे गेली म्हणून त्यांनी कौशिकालाच विचारले. त्याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. मंदिरांतील पुराणांत ही कथा आपण ऐकलेली असते. परंतु सत्यनिष्ठेवरील व्याख्यानांत ती सहसा येत नाही. तेथे हरिश्चंद्र येतो. कौशिक अडचणीचा आहे, कारण तो आपल्याला विचारणाऱ्याकडे पाहावयास लावतो. प्रश्न कोण करतो आहे आणि उत्तराचे तो काय करणार आहे, हे पाहिल्यावाचून सत्य हातातून सोडून देणे हे व्रत नव्हे, आळस आहे, असे त्या कथेचे तात्पर्य मी घेतो.

यावर कोणी सत्यकाम जाबालाचे नाव घेईल. छांदोग्योपनिषदातील हा मुलगा गौतमाकडे विद्या मागावयास गेला. गौतमाने गोत्र विचारले. तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करीत असता तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे आईने त्याला सांगितले होते. तेच त्याने गुरूपुढे सांगितले. तेव्हा गौतमाने त्याला समिधा आणावयास पाठविले आणि त्याचे उपनयन केले. कथा सत्यकामाच्या सत्यनिष्ठेची म्हणून आपण मुलांना सांगतो, आणि ती तशी आहेही. पण दाराची कडी गौतमाच्या हाती होती. दुसऱ्या एखाद्या गुरूने तेच उत्तर ऐकून मुलाला परत पाठविले असते, आणि मग ही कथा उपनिषदात आलीच नसती. अशी न सांगितलेली किती उत्तरे आणि किती परत पाठविलेली मुले आपल्या इतिहासात असतील! त्यांना 'तुम्ही सत्यकामासारखे वागा' असे सांगणे सोपे आहे. त्यांच्या बाजूने गौतम मिळणे त्यांच्या हाती नव्हते.

त्यांतील एक परत पाठविलेला माणूस आपल्या माहितीचा आहे. १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून, ठरल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते येत होते. परदेशात राहावयास जागा मिळाली होती. आपण अस्पृश्य आहो ही जाणीव त्या वर्षांत जवळजवळ पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनपर टिपणांत नमूद केले आहे. बडोद्यात कोठे उतरावे हा पहिला प्रश्न पडला. हिंदूंच्या खाणावळीत जावे तर खोट्या नावाने जावे लागेल आणि उघडकीस आल्यास परिणाम गंभीर होतील. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. पण गिऱ्हाईक नसल्याने रिकामी पडलेल्या त्या जागेच्या रखवालदाराने वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना ठेवून घेतले. मोडक्यातोडक्या सामानाने भरलेल्या त्या ओसाड वास्तूत त्यांनी थोडे दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा घोळका जिना चढून वर आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मिळतो का, हे त्यांनी पाहिले. दोन्हीकडे अडचण सांगण्यात आली. मग कामाठीबागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या प्रसंगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट मी पाहतो. वहीत जे नाव लिहिले गेले ते खरे नव्हते. कायद्याचा पदवीधर नव्हे, अर्थशास्त्राचा विद्वान, आणि पुढे ज्याच्या हातून देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला त्या माणसाला एका खोलीसाठी खोटे नाव लिहावे लागले. हा दोष कोणाच्या खाती मांडावयाचा? ज्याने ते लिहिले त्याच्या खाती तो मांडावा असे आज कोणी प्रामाणिक माणूस म्हणेल असे मला वाटत नाही. 'तू कोण जातीचा' हा प्रश्न ज्या नगराने प्रत्येक उंबरठ्यावर ठेवला होता, त्या नगराच्या खाती तो मांडला पाहिजे. आणि ते नगर परके नव्हते. तेथे मराठी बोलणाऱ्यांची सधन आणि सुसंस्कृत वस्ती होती, महाराज सयाजीराव गायकवाडांसारखा सुधारक राजा होता. त्या नगरात भाड्याने देण्याजोगी खोली नव्हती असे नाही.

म्हणून जर्मनीतल्या त्या हक्काला मी केवळ कायद्याची पळवाट समजत नाही. खोटे उत्तर आणि अनुचित प्रश्न ही दोन पापे आहेत असे नव्हे. ती एकाच पापाची दोन टोके आहेत, आणि सुरुवात विचारणाऱ्याच्या टोकाशी होते. तरीसुद्धा येथे थांबता येत नाही. कारण खोटे बोलून मिळविलेल्या घरात राहावे लागते. कायदा करार मोडू देणार नाही, पण कायदा देव्हाऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनात शिरत नाही. 'आम्ही कोणताच धर्म पाळत नाही' असे लिहून देऊन आत आलेल्या कुटुंबाने पहिल्या संध्याकाळी निरांजन लावताना खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, उदबत्तीचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला कापड लावावे, फोडणी करण्यापूर्वी जिन्यात कोणी आहे का याचा कानोसा घ्यावा. हे राहणे नव्हे, लपणे होय. घराचे पहिले काम माणसाला लपण्यापासून मोकळे करणे हे आहे. अशा भाडेकरूला मी दोषी मानत नाही. मात्र त्याने दिलेली किंमत अनामत रकमेहून मोठी आहे, आणि ती त्याला परत मिळत नाही, हे मला विसरता येत नाही.

दुसरा मार्ग गप्प राहण्याचा. धर्माचा रकाना कोरा ठेवावा, विचारल्यास 'याचे उत्तर देण्याचे मला कारण दिसत नाही' असे सौम्यपणे म्हणावे. हा मार्ग सर्वांत स्वच्छ आहे यात शंका नाही. अडचण एवढीच की कोरा रकानाही बोलतो, आणि बहुधा नको तेच सांगतो. शिवाय रकाना कोरा ठेवला तरी नाव कोठे लपवायचे? २०१७ मध्ये 'श्पीगल' साप्ताहिक आणि बव्हेरियाची नभोवाणी संस्था यांनी मिळून एक प्रयोग केला. दहा मोठ्या शहरांतील घरांच्या जाहिरातींना, नावे तेवढी निरनिराळी घेऊन, सुमारे २०,००० अर्ज पाठविले. जर्मन नावांच्या तुलनेत परकी नावे असलेल्यांना भेटीची बोलावणी कमी आली. अरबी व तुर्की नावांना विशेष कमी. वर्ण किंवा वंश यांवरून घर नाकारण्यास तेथे २००६ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा असूनही तसे घडते, हे या प्रयोगावरून दिसले. आणि कायदा होता म्हणूनच त्या घडण्याला अन्याय हे नाव देता आले.

आता हे आपल्याकडे वळविले पाहिजे. परदेशी गेलेल्या मुलाला नावामुळे घर मिळत नाही असे पत्र आले की आपल्या घरांत हळहळ होते, आणि ती योग्यच आहे. पण आपल्याच माडीवर खोली रिकामी असताना दाराशी आलेल्या माणसाला आपण प्रथम काय विचारतो? आडनाव. आडनावावरून जात ठरली नाही तर गाव. गावावरूनही ठरली नाही तर 'तुमच्याकडे मासे-मटण चालते का' हा प्रश्न, जो वरवर स्वयंपाकाचा असतो आणि आतून जन्माचा. मासे खाणाऱ्या गोमंतकीय सारस्वताच्या तोंडी हा प्रश्न आला की त्याचे खरे स्वरूप लपत नाही. मुसलमान नाव ऐकले की खोली कालच दिली गेलेली असते. एकटी राहणारी स्त्री असेल तर तिच्या बापाचा पत्ता हवा असतो, ती चाळीस वर्षांची असली तरी. हे गोव्यात आहे, इंदुरात आहे, बडोद्यात आहे, पुण्या-मुंबईतही आहे. कोणत्याही एका गावाने नाक वर करावे अशी स्थिती नाही.

आपला कायदा याबाबतीत अर्ध्या वाटेवर उभा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखाद्या वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. परंतु धर्म, आहार किंवा एकटेपणा यांवरून भाड्याचे घर नाकारण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. अल्पसंख्य समाजाला एकत्र राहावेसे वाटणे मला समजू शकते. आपणही परदेशात तसेच राहू पाहतो. पण मोठ्या समाजातील प्रत्येक संस्थेने हाच अधिकार वापरावयाचा ठरविला तर कामाठीबागेतील झाडाखालची जागा तेवढी सर्वांना मोकळी राहील.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मला टाळावयाचा नाही. माझे घर माझे आहे. त्यात कोणाला घ्यावे हे मी का ठरवू नये? अग्रशाळेत उतरावयास गेलेल्या माणसाला आपण कुळ विचारतो की नाही? मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला शतकानुशतके हे विचारले गेले आहे. त्यात कोणाचा अपमान झाला?

अग्रशाळेचे उदाहरण चांगले आहे, पण ते आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे नाही. ही देवस्थाने आज जेथे आहेत तेथली ती मूळची नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे भाविकांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून अंत्रूज महालात आणल्या; कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. देव स्वतःच आधी दुसऱ्याच्या भूमीवर येऊन राहिला, आणि पांगलेली कुळे पुन्हा जेथे एकत्र येतील अशी जागा त्याच्याभोवती उभी राहिली. अग्रशाळेत 'तुम्ही कोण' असे विचारले जाते ते हरवलेले नाते शोधण्यासाठी, आलेल्याला आत घेण्यासाठी. तोच प्रश्न भाड्याच्या खोलीच्या दाराशी आलेल्याला बाहेर ठेवण्यासाठी विचारला जातो. शब्द तेच आहेत. काम उलटे आहे.

आणि 'माझे घर' या शब्दांतही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. जेथे माझी चूल आहे, जेथे मी निजतो, तेथे कोणाला घ्यावे हे माझ्या मनावर राहिले पाहिजे. जर्मन कायदाही हे ओळखतो. मालक वा त्याचे नातलग त्याच आवारात राहत असतील तर भेदभावाच्या मनाईत तो सूट ठेवतो. पण जे घर मी बाजारात मांडले, ज्याचे भाडे मी वसूल करतो, ते चुलीइतके खासगी राहत नाही. त्या देशाच्या १९४९ च्या राज्यघटनेत मालमत्तेबरोबर कर्तव्यही येते आणि तिचा वापर लोकहिताचाही असावा, असे तत्त्व आहे. १९९३ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने त्याही पुढे जाऊन निर्णय दिला की भाडेकरूचा घरावरील ताबा हाही राज्यघटनेने राखलेल्या मालमत्तेचाच एक प्रकार आहे. हे वाचून गोमंतकीय वाचकाला मुंडकार आठवावा. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, आणि त्याच्या एका शब्दासरशी बाहेर निघावे लागणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. जमीन एकाची असली तरी तीवरील राहणे दुसऱ्याचे असू शकते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. त्या कायद्यावरून आपल्या कित्येक घरांत अजून कुरकुर ऐकू येते, ही वेगळी गोष्ट.

सोवळेओवळे पाळणाऱ्या वृद्ध घरमालकिणीचे काय, असे मला विचारण्यात येईल. तिची माडी तिच्या स्वयंपाकघरावरच आहे, विहीर एक आहे, आणि या वयात तिने आपला आचार का सोडावा? तिने तो मुळीच सोडू नये. तिने आपला नियम सांगावा. दुसऱ्याचा जन्म विचारू नये. 'या घरात मांस शिजत नाही, तुम्हाला हे चालेल का' असे विचारता येते, आणि मग उत्तर देणारा कोणत्याही जातीचा वा धर्माचा असला तरी खरे उत्तर देण्याला त्याला भीती उरत नाही. 'तुमच्यात खातात का' हा प्रश्न अगदी निराळा आहे. पहिल्यात घराचा आचार आहे, आणि तो ज्याला पाळावयाचा त्याला तो स्वीकारता किंवा नाकारता येतो. दुसऱ्यात केवळ कुळाची चौकशी आहे, आणि ती कोणाला बदलता येत नाही.

स्टुटगार्टकडच्या घरांत असा आचार भिंतीवर टांगलेला असतो. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता राखावी, रविवारी खिळे ठोकू नयेत, कचरा कोणत्या डब्यात कोणता टाकावा. जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एका बिऱ्हाडाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तशी एक छोटी पाटी अडकविलेली असते. नव्याने गेलेल्या आपल्या मुलांना ही शिस्त फार टोचते, आणि शेजारची म्हातारी जिन्याचे कोपरे तपासते म्हणून ती घरी तक्रार करतात. तपासू द्यावे. जिना नीट झाडला की नाही एवढेच ती पाहते, आणि तो तिचा हक्क आहे.